दगड उडाला म्हणून ऑइलचा व्हॉल्व्ह उघडत नाही

अमेरिकेत पिकअप ट्रक बाळगणाऱ्या आणि घरासमोर स्वतःच ऑइल बदलणाऱ्या लोकांत एक इशारा बरीच वर्षं फिरतोय. आता तो अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही येऊ लागलाय. त्याचा मजकूर साधारण असा: “ड्रेन नटाच्या जागी क्विक-ड्रेन व्हॉल्व्ह कधीही बसवू नका. रस्त्यावरचा दगड लागला की तो उघडतो, सगळं ऑइल सांडतं आणि इंजिन जाम होतं. शिवाय जुनं ऑइल तळाशी राहतं, निचरा हळू होतो आणि वॉरंटी जाते.”

ड्रेन नट म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याचं, म्हणजे पॅनचं, भोक बंद करणारा बोल्ट. क्विक-ड्रेन व्हॉल्व्ह म्हणजे त्याच्या जागी बसणारा, उघडता-बंद करता येणारा छोटा नळ. इशारा वाचणारा घाबरतो आणि व्हॉल्व्हचा विचार सोडून देतो. मला हे खटकतं, कारण या भीतीपायी लोक गरम ऑइलच्या धारेखाली हात घालत राहतात आणि पॅनचे आटे दरवेळी पणाला लावतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी दगडाचं बघू, कारण सगळी भीती तिथूनच येते. खूप खपणारा एक प्रकार म्हणजे जपानी फुमोटो कंपनीचे आणि त्यांच्यासारखे व्हॉल्व्ह. आत एक भोकाचा गोळा असतो आणि बाहेर त्याला फिरवणारा खटका. बंद असताना हा खटका स्प्रिंगच्या दाबाने खाचेत बसलेला असतो. उघडायचा तर आधी खाचेतून उचलावा लागतो आणि मग उचललेला धरूनच ९० अंशांत फिरवावा लागतो. उडालेल्या दगडाने या दोन्ही हालचाली लागोपाठ, योग्य दिशेने कराव्यात, असं या इशाऱ्यात गृहीत धरलंय. तरीही मनात धाकधूक असेल तर खटक्यावर बसवायची प्लॅस्टिकची क्लिप मिळते. ती काढल्याशिवाय खटका हलतच नाही. जर्मन श्टालबुस कंपनीच्या व्हॉल्व्हला तर खटकाच नाही. नळी आट्यांवर फिरवून बसवली तरच आतली स्प्रिंग दबते आणि ऑइल वाहतं. नळी काढली की वर टोपी.

सेसना १७२ सारख्या छोट्या विमानांच्या इंजिनांच्या तळातल्या ऑइलच्या भांड्यालाही क्विक-ड्रेन व्हॉल्व्ह सर्रास असतात. एकच इंजिन असलेल्या विमानात, हवेत असताना ऑइल गळालं तर रस्त्याच्या कडेला थांबायची सोय नसते. कल्पनाच मुळात धोकादायक असती, तर विमानाच्या पोटाखाली ती टिकली नसती.

दगडाबाबत एक गोष्ट मात्र खरी आहे. व्हॉल्व्ह नटापेक्षा खाली लोंबतो, आणि उघडणं वेगळं, तुटणं वेगळं. खडकाळ पायवाटांवर ट्रक घालणाऱ्यांनी आधी गाडीखाली वाकून बघावं: व्हॉल्व्हचं टोक स्किड प्लेटच्या (खालच्या संरक्षक पत्र्याच्या) किंवा क्रॉसमेंबरच्या (सांगाड्याच्या आडव्या पट्टीच्या) वर राहतंय का? राहत असेल तर चिंता नको. सगळ्यात खाली तेच येत असेल तर बसवू नये. ऑफिस, सुपरमार्केट आणि महामार्ग एवढीच धाव असलेल्या ट्रकला हा प्रश्न फारसा येत नाही.

जुनं ऑइल तळाशी राहतं, हे अर्धं खरं. व्हॉल्व्हचे आटे नटाच्या आट्यांपेक्षा लांब असले तर त्यांचं टोक पॅनमध्ये जरा आत येतं आणि त्या उंचीखालचं ऑइल निथळत नाही. पण ते किती, हे सांगायच्या भानगडीत इशारा पडत नाही. ते मोजणं अगदी सोपं आहे. पहिल्यांदा व्हॉल्व्हने ऑइल काढून झालं की व्हॉल्व्हच पान्याने सोडवा आणि नंतर येईल ते मापाच्या कपात धरा. मग तो आकडा आपल्या इंजिनाच्या एकूण ऑइलशी ताडून पाहा. रॅम ट्रकमधलं ६.७ लिटरचं कमिन्स डिझेल फिल्टरसकट १२ क्वार्ट ऑइल घेतं, म्हणजे सुमारे ११.४ लिटर. एवढ्यात थोडं जुनं मिसळल्याने काही बिघडत नाही. नट पूर्ण काढला तरी कूलरमध्ये, टर्बोमध्ये आणि इंजिनातल्या बारीक वाटांत जुनं ऑइल राहतंच. “सगळा गाळ तळाशी साचतो” हेही पटणारं नाही. काजळी तळाशी बसू नये, ऑइलमध्येच तरंगत राहावी, यासाठी तर आजच्या ऑइलमध्ये डिस्पर्संट घालतात. इंजिन गरम करून ऑइल काढलं की ती त्याच्यासोबत बाहेर येते.

निचरा हळू होतो, हे मान्य. भोक लहान असतं. त्या वेळात फिल्टर बदलून होतो, आणि त्यासाठी बहुतेक ट्रकांत खाली शिरावंच लागतं. म्हणूनच “पाच मिनिटांत, हात न माखता ऑइल बदला” ही विक्रेत्यांची जाहिरातही मला तितकीच चुकीची वाटते.

वॉरंटीचा मुद्दा कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग लावला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच नुकसान झालं असेल तर मात्र तेवढ्या नुकसानीचा खर्च ती नाकारू शकते. तेव्हा ऑइल-फिल्टरच्या पावत्या आणि मैलांची नोंद जपून ठेवा.

या इशाऱ्यात नटाच्या धोक्यांचा उल्लेखच नाही. पुष्कळ ट्रकांचे पॅन अ‍ॅल्युमिनियमचे आणि नट पोलादी असतात. दरवेळी नट काढा, वॉशर बदला, पुन्हा आवळा. एकदा नट तिरका बसला किंवा जोर जास्त झाला की आटे गेलेच. काही फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकांत पॅन बदलायला पुढचा डिफरन्शियल (पुढच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) उतरवावा लागतो. व्हॉल्व्ह एकदा नेमक्या जोराने (टॉर्कने) आवळून बसवला की त्या आट्यांना पुन्हा हात लागत नाही. त्यात डिझेल ट्रकचं अकरा-बारा लिटर गरम ऑइल. नट सुटताच धार आडवी येते, नट भांड्यात पडतो, आणि भांडं भरत आलं तरी धार थांबवता येत नाही. व्हॉल्व्ह मध्येच बंद करून भांडं बदलता येतं. तोटीला नळी लावली तर ऑइल थेट डब्यात. प्रयोगशाळेत तपासणीसाठी ऑइल पाठवणाऱ्यांना बाटलीभर नमुनाही सहज काढता येतो. डब्यात गेलेलं जळकं ऑइल सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत फुकट घेतात. ड्राइव्हवेवर सांडलेलं मात्र पावसासोबत गटारात जातं. मला तरी व्हॉल्व्हचा हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

काही ट्रकांना हे व्हॉल्व्ह बसतच नाहीत. फोर्ड एफ-१५० च्या २.७ लिटर इंजिनाला २०१५ पासून प्लॅस्टिकचा पॅन आहे आणि त्याचा नटही प्लॅस्टिकचा, थोडा फिरवून काढायचा. तिथे नेहमीचा आट्यांचा व्हॉल्व्ह चालत नाही. ज्यांच्या नटाला लोहचुंबक आहे, त्यांना दरवेळी त्यावरचा लोखंडी चुरा बघायची सवय सोडावी लागेल. ती सवय मोडायची नसेल तर नटच ठेवा, त्यात काही चूक नाही.

बसवणार असाल तर मॉडेल आणि सालानुसार आट्यांचं माप तपासून मागवा. खटका पूर्ण फिरायला जागा आहे ना, हे विकत घेण्याआधीच बघा. अडत असेल तर मध्ये बसवायचा जोड (अडॅप्टर) मिळतो. व्हॉल्व्ह त्याच्या षटकोनी भागावरच पाना लावून आवळा, खटक्याला धरून कधीच नाही. नवं ऑइल भरलं की इंजिन गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि वॉशरच्या कडेवर कोरडा कागद फिरवून गळती बघा. ट्रक कधी गॅरेजला दिला, तर खाली व्हॉल्व्ह आहे हे मेकॅनिकला आधी सांगा आणि गाडी परत घेताना खटका खाचेत बसलाय ना, ते स्वतः वाकून बघा.