घोडबंदरकर, तुमचं बरंचसं बरोबर आहे

नमस्कार घोडबंदरकर,

घरी सब (लांब पावातलं सँडविच) करण्याच्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली आणि लगेच उत्तर खरडायला घेतलं. तीन ओळी झाल्यावर लक्षात आलं की आपण चिडून लिहितोय, आणि चिडायचं कारण एवढंच की तुम्ही म्हणताय त्यातलं बरंचसं खरं आहे. म्हणून दोन दिवस गप्प बसलो.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: '६२ रुपयांत घरचं सब' हा माझा हिशोब फसवा आहे, त्यात बाटल्यांचं काय? माझ्या कृतीने केलेला पाव आंबूस झाला, ओव्हनमध्ये बसला आणि दुसऱ्या दिवशी त्याची वीट झाली. दुकानातल्या सबला फूटपट्टी लावणं हा पोरकटपणा होता. घरचं तेवढं पौष्टिक, हा सूर डोक्यात जातो. आणि शेवटी, 'भांडी कोण घासतं तेही लिहा.'

आधी पाव, कारण तिथे तुमचा अर्धा किलो मैदा माझ्यामुळे वाया गेलाय.

मी लिहिलं होतं, 'मळलेलं पीठ दोन तास झाकून ठेवा.' ती पोस्ट जानेवारीतली. तेव्हा ठाण्यात पाचपाखाडीत आमच्या ओट्यावर सकाळी बावीस-तेवीस अंश असतात. तुम्ही पाव केलात मे महिन्यात, कासारवडवलीला, वरच्या मजल्यावर. तेहेतीस-चौतीस अंशांत यीस्ट पाऊण तासात आपलं काम उरकतं. नंतरचा सव्वा तास पीठ नुसतं आंबत राहतं, आतला वायू धरून ठेवणारी जाळी ढिली पडते आणि ओव्हनची धग लागली की ते वर येण्याऐवजी खाली बसतं. इडलीचं पीठ मे महिन्यात आपण रात्रभर बाहेर ठेवत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? तरी घड्याळाचा आकडा लिहून मोकळा झालो. तेव्हा घड्याळ सोडा, पिठाकडे बघा. दुप्पट झालं की पुढच्या कामाला लागा. उन्हाळ्यात मैदा गार पाण्याने भिजवा आणि यीस्ट थोडं कमी घ्या. पोस्टमध्ये तशी दुरुस्ती केली आहे.

विटेबद्दल मात्र एक विचारतो. उरलेला पाव फ्रीजमध्ये ठेवला होतात ना? बहुतेक सगळे ठेवतात. पाव शिळा होतो तो नुसता वाळून नव्हे. भाजताना मऊ झालेला पिठातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि फ्रीजच्या थंडीत हे सगळ्यात झपाट्याने होतं. फ्रीजरमध्ये ते थांबतं. पाव गार झाला की मधून कापायचा, गुंडाळायचा आणि सरळ फ्रीजरमध्ये टाकायचा. खाताना तव्यावर झाकण ठेवून गरम केला की मऊ पडतो. बाहेर ठेवायचा तर एकच दिवस. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत तिसऱ्या दिवशी त्यावर हिरवे ठिपके दिसतात.

आता पैसे. ६२ रुपयांत मी मैदा, यीस्ट, दूध, लोणी, पनीर, चीज आणि भाज्या धरल्या होत्या. वीज धरली नव्हती. माझा ओव्हन १५०० वॅटचा. तापवणं आणि भाजणं मिळून चाळीस मिनिटं, म्हणजे एक युनिट. ते सोडून देऊ. पण बाटल्यांचं काय, हा तुमचा प्रश्न वर्मी लागला. उठून फ्रीजचं दार उघडलं. हालापेन्यो मिरच्या, ऑलिव्ह आणि मोहरीचा सॉस, तिन्ही मिळून पाचशेच्या आसपास. दोन वेळा वापरल्या, म्हणजे आठ सबना. ऑलिव्हवर बुरशी आली होती. पाचशे भागिले आठ म्हणजे आणखी साडेबासष्ट! माझा आकडा थेट दुप्पट झाला, वर वीज. चौघांचे पाचशेच्या वर. बाहेर आम्हा चौघांचं बिल सातशेच्या पुढे जातं, म्हणजे तीन तास राबून मी जेमतेम दोनशे रुपये वाचवले. एकट्या माणसाने एका सबसाठी हा खटाटोप करणं तर शुद्ध वेडेपणा आहे, त्याने खुशाल दुकानात जावं. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

बाटल्यांवर मात्र तोड सापडली आहे. जांभळी नाक्यावर भावनगरी मिरच्या मिळतात. त्यांच्या चकत्या करायच्या, निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी मीठ-साखर घालून उकळायचं आणि वर ओतायचं. अर्ध्या तासात तयार. मोहरीच्या सॉसऐवजी आईने चक्क्यात फेसलेली मोहरी घालून दिली. नाकात झिणझिण्या आणणारा असा सॉस कुठल्या बाटलीत मिळायचा नाही. (आई सबला 'पाणबुडी पाव' म्हणते. सबमरीनवरूनच ते नाव पडलंय, त्यामुळे तिला हसायची सोय नाही.)

फूटपट्टीचं म्हणाल तर माझी चूक. एका छोट्या दुकानातलं बारा इंची सब अकरा इंच भरलं म्हणून मी फोटो टाकला होता. हाच वाद २०१३ साली सबवे या सँडविचच्या दुकानांच्या साखळीवरून पेटला होता. ऑस्ट्रेलियातल्या एकाने पट्टी लावून फोटो टाकला आणि अमेरिकेत दावे दाखल झाले. शेवटी २०१७ मध्ये अपील कोर्टाने झालेली तडजोडच मोडीत काढली, कारण तिच्यातून गिऱ्हाइकांच्या पदरात काहीच पडत नव्हतं. मुळात भाजण्याआधीच्या पिठाच्या कांड्यांचं वजन ठरलेलं असतं. भाजताना एखादा पाव लांबीला कमी भरतो, पण गिऱ्हाइकाच्या पोटात पाव कमी जात नाही. माझ्या चार पावांतले दोन कधी सारखे निघालेले नाहीत, आणि बारा इंची पाव माझ्या ओव्हनमध्ये मावतो तोही तिरका. मी कुठल्या तोंडाने पट्टी घेऊन फिरू?

पौष्टिकपणावर मात्र मी अर्धाच मागे हटतो. मेयोनीज ओतून त्याला पौष्टिक म्हणणं चूकच. अस्सल मेयोनीजमध्ये निम्म्याहून जास्त तेलच असतं, ते घरी खा नाहीतर मॉलमध्ये. पण पावात काय पडतं ते घरी माझ्या हातात असतं. २०२० मध्ये आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न आला होता की सबवेच्या सँडविचचा पाव कर माफ असलेला 'पाव' धरायचा का. तिथल्या १९७२ च्या कायद्यात साखरेची मर्यादा मैद्याच्या वजनाच्या २ टक्के होती आणि त्या पावात १० टक्के निघाली. कोर्टाने नाही म्हटलं. भांडण कराचं होतं, आरोग्याचं नव्हतं, आणि पाव आयर्लंडमधला होता. तो निकाल मी ठाण्यातल्या कुणावर लादत नाही. पण माझ्या अर्ध्या किलो मैद्यात दोन चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम साखर पडते. १० टक्के म्हणजे पन्नास ग्रॅम. वाटीत काढून बघा एकदा. आमच्या धाकट्याला तो पाव जास्त आवडेल, ही गोष्ट वेगळी.

दुकान जिथे खरोखर जिंकतं ते तुम्ही लिहिलंच नाहीत, म्हणून मीच सांगतो. तिथे सकाळी चिरलेल्या दहा-बारा भाज्या समोर असतात आणि आपल्या सबमध्ये प्रत्येकीची चिमूटभर पडते. घरी तसं करायला गेलं की अर्धी काकडी, चतकोर सिमला मिरची आणि लेट्यूसचा उरलेला गड्डा तीन दिवस आपल्याकडे बघत बसतो. म्हणून मी आता चारच गोष्टी घालतो: कांदा, टोमॅटो, काकडी, भावनगरी. आणि पाव ओला होऊ नये म्हणून आपल्या गाडीवरच्या सँडविचवाल्याकडून शिकलोय. तो लोणी कडेपर्यंत लावतो, कोपराही सोडत नाही, कारण लोण्याच्या थरातून टोमॅटोचं पाणी पावात उतरत नाही. मीठ अगदी शेवटी, खायच्या वेळी.

आणि हो, आठवड्यातल्या मधल्या दिवशी पोरांनी सब मागितलं तर मी पीठबीठ मळत नाही. बेकरीतून हॉट डॉगचे लांब पाव आणतो.

राहिली भांडी. मी घासतो. म्हणजे, मीच घासतो असं पोस्टमध्ये लिहिणार होतो, पण तुमची प्रतिक्रिया बायकोने माझ्या आधी वाचली होती. त्या दिवशीची परात तिने घासली होती. मी गरम पाणी ओतून ठेवलं होतं, त्याने मैदा आणखी चिकटून बसला. गार पाण्यात भिजवायची असते, म्हणाली.