बारीक कर की जरा

गिटारचा व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर. क्लीनरचा फवारा मारला, आठ दिवस बरं, परत तेच. म्हणजे नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा पॉटच बदलायचा, बास. रिपेरीवाल्यांच्या भाषेत कंट्रोल.

परवा सांगलीत गणपती पेठेकडच्या एका दुकानात गेलो. म्हटलं, "पाचशेचा कंट्रोल आहे का?"

"पाचशे कशाला, चाळीसला देतो की."

पाचशे रुपये नव्हे ओ, ५०० के, म्हणजे किलो-ओहम! हे समजावत होतो तर स्टुलावर मांडीत मिक्सरचं भांडं घेऊन बसलेले एक मिरजेचे काका जागे झाले.

"कशाला पायजे ओ?"

"गिटारला. आवाज कमी-जास्त करायला."

"मग हातानं हळू वाजवायचं की."

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण आपल्याला खाज. तारांचा आवाज उचलणारा पिकअप दोन कॉइलचा, म्हणजे हंबकर, असेल तर ५००, सिंगल कॉइल असेल तर २५०, हंबकरला २५० लावला तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो, असं सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग अडीचशेचे दोन लावा." दुकानदारानं मान डोलावली! वर पंख्याचा रेग्युलेटर काढून काउंटरवर ठेवला, बघा बसतोय का म्हणून.

"आमच्याकडं दीडशे वर्षं झाली सतारी बनत्यात, एकीला बटन बघितलंय का? खरखर म्हंजे जवारी गेली. घासून घ्या."

आता जवारीवर काय बोलणार. तिथं कारागीर तारांखालची घोडी केसभर घासतो, कान लावतो, परत घासतो, आणि तार बोलायला लागते. ह्या माणसांबद्दल मला आदरच आहे. मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. पण तिथून दहा किलोमीटरवर मला एक साधा पॉट मिळू नये? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायचा, आणि पॉटापेक्षा कुरिअर महाग. दरवेळी हेच.

शेवटी बिस्किटाच्या डब्यातनं एक निघाला. वर बी५००के.

"ए नाही का?"

"ए संपलंय. बी घ्या, तेच असतंय."

तेच नसतंय. ए म्हणजे लॉग, अर्ध्यावर आणला की दहा-पंधरा टक्केच सोडतो, आपल्या कानाला तेच सरळ वाटतं. बी म्हणजे लिनिअर, अर्ध्यावर अर्धा. हे मी तोंड उघडून सांगणार तेवढ्यात काका म्हणाले, "ए काय नि बी काय, शाळेतल्या तुकड्या हायत का?"

दुकान हसलं. मागं उभा असलेला बल्बवाला पोरगासुद्धा. मी दहावीपर्यंत ब तुकडीतच होतो हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण चाळीस रुपये टाकले आणि निघालो. मला नको असलेला पॉट मी लाजेनं घेतला, ह्याचा राग अजून गेलेला नाही.

घरी आलो तर जुन्याचा दांडा दातेरी, ह्याचा एका बाजूनं सपाट. नॉब गरागरा फिरतोय. सिटी बसच्या तिकिटाची घडी करून आत कोंबली तेव्हा कुठं बसला. लावलं, वाजवलं. दहापासून तीनपर्यंत फिरवा, फरक म्हणून नाही, आणि तीनच्या खाली गेलं की एकदम गायब.

आतनं आई ओरडली, "बारीक कर की जरा!"

"होत नाही बारीक. एकतर गल्लीभर, नाहीतर बंद."

"मग हातानं हळू वाजव की."