रेस देऊन इंजिन बंद केल्याने टर्बो वाचत नाही

जुना ट्रक घेणाऱ्यांसाठी म्हणून एक मजकूर चालकांच्या गटांतून सतत फिरत असतो. इंजिन बंद करण्यापूर्वी जोरात रेस द्यावी म्हणजे टर्बोत (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या यंत्रात) ऑइल भरून राहते. टर्बोतून ऑइल गळू लागले की सील गेले समजून टर्बोच बदलावा. ऑइलची जुनी नळी डिझेलने धुऊन पुन्हा लावावी. आणि जुन्या इंजिनात जाड ऑइल घालावे, असे त्यात सांगितलेले असते.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक आहे. भरल्या गाडीने चढ चढताना टर्बोचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि तो बुशांवर (त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगांवर) न घासता ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे ऑइल इंजिनचाच पंप पुरवतो, त्यामुळे रेस देऊन चावी फिरवणे म्हणजे शाफ्टला वेग देऊन त्याच क्षणी त्याचे ऑइल तोडणे होय. शिवाय घाट चढून आलेल्या गाडीत टर्बाइनची, म्हणजे धुराकडची, बाजू इतकी तापलेली असते की आत अडकलेले ऑइल जळून त्याचा कार्बन होतो. बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे रेस न देता इंजिन स्लोवर ठेवणे हाच उपाय आहे.

गळतीचे निदान तर बहुधा चुकीचेच केले जाते. टर्बोचे सील रबरी नसते. पिस्टन रिंगसारख्या धातूच्या कड्या आणि दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मिळून ऑइल अडवतात. बुशांतून बाहेर पडलेले ऑइल पंपाच्या जोराने नव्हे, तर केवळ स्वतःच्या वजनाने जाड नळीतून इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते. ही नळी चेपली असेल, कार्बनने भरली असेल किंवा इंजिनच्या झिजलेल्या पिस्टन रिंगांमुळे अथवा तुंबलेल्या ब्रीदरमुळे (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीमुळे) चेंबरमध्ये दाब साठत असेल, तर ऑइल मागे तुंबते आणि कड्यांवरून बाहेर येते. एअर फिल्टर चोंदला असेल तर ते हवेच्या बाजूलाही ओढले जाते. अशा गाडीला नवा टर्बो बसवला तर तोही गळतो, आणि मग दोष दुकानदाराच्या माथी मारला जातो.

टर्बोला ऑइल आणणारी जुनी नळी धुण्याने आतला कार्बन पूर्ण निघत नाही, उलट सुटलेले कण थेट बुशांत जातात. टर्बोच्या किमतीपुढे नवी नळी आणि वॉशर यांचा खर्च किरकोळ आहे. गॅस्केटऐवजी सिलिकॉनची पेस्ट लावणारे मिस्त्रीही हाच धोका वाढवतात, कारण पेस्टचा तुकडा ऑइलची वाट बुजवू शकतो. नवा टर्बो बसवताना त्याच्या ऑइल येण्याच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा आणि डिझेल बंद ठेवून, परतीच्या नळीतून ऑइल येईपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारावा.

राहिले जाड ऑइल. कंपनीने १५डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या जाडीचा क्रमांक) सांगितले असेल तर तेच घालावे. त्याहून जाड ऑइल थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते. त्याने धूर काही दिवस कमी दिसतो हे मात्र खरे, आणि काही विकणारे नेमके त्यासाठीच ते घालतात. म्हणून गाडी पाहायला जाताना मालकाला ती आधी सुरू करू देऊ नये, म्हणजे थंड इंजिन कसे सुरू होते ते पाहता येते, आणि इंजिन तापल्यावर ऑइल भरण्याचे झाकण काढून तिथून धुराचा झोत येतो का, म्हणजे रिंगा झिजून चेंबरमध्ये दाब साठतो का, ते पाहावे.