सकर सोडला म्हणून फिल्टर बंद करू नका

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या मामांनी अंगणातल्या तळ्यात कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, पाळले आहेत. त्यांना परवा कुणीतरी एक फॉरवर्ड पाठवला: 'कोईच्या तळ्यात सकर, गोल्डफिश आणि थाई मांगूर सोडा. सकर शेवाळ खातो, मांगूर तळाची घाण खातो, फिल्टरची गरज नाही. मासे आणले की लगेच सोडा.' मामा फिल्टरची मोटार बंद करायलाच निघाले होते, म्हणून हे लिहितोय.

सकर, म्हणजे तोंडाने दगडाला चिकटणारा मासा, शेवाळ खरवडतो, एवढं मान्य. पण कोईला मारतो तो अमोनिया, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरमधल्या स्पंजावर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मोटार थांबली की त्यांचा प्राणवायू तुटतो. सकर हे काम करत नाहीच, उलट त्याची दोऱ्यासारखी लांब विष्ठा पाण्यातल्या अमोनियात भर घालते. शिवाय मोठा झालेला सकर रात्री सुस्त कोईच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खातो. सकाळी पाठीवर लालसर चट्टा दिसतो आणि तिथेच बुरशी धरते.

मांगूरचं वाचून तर डोकंच फिरलं. थाई मांगूर म्हणजे आफ्रिकन मांगूर. केंद्र सरकारने 2000 सालीच त्याच्यावर बंदी घातली आहे. तोंडात मावेल तो मासा गिळतो, हवेत श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात घराघरांत शिरलं, मगरी वस्तीत आल्या, हे इतक्यात विसरलो का आपण? असा पूर पुन्हा आला, की अंगणातला मांगूर नदीत गेलाच म्हणून समजा. मग तिथल्या देशी माशांचं काय?

गोल्डफिश कोईबरोबर नांदतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'लगेच सोडा' हा सल्ला जीवघेणा आहे. कोई हर्पीस विषाणूचा रोग जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. त्यात तळ्यातले 80 ते 100 टक्के कोई जाऊ शकतात आणि औषध नाही. गोल्डफिश स्वतः ठणठणीत दिसत असताना हा विषाणू बाळगू शकतो. पाणी 16 ते 25 अंशांवर असलं की रोग उसळतो, म्हणजे आपला हिवाळा.

मामा, नवा मासा आणायचाच असेल तर आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. त्या टाकीची जाळी आणि बादली तळ्यात बुडवू नका.