दही, कुप्या आणि तुमच्या यजमानांचा कोर्स

ताई, नमस्कार. जुलाबांवर प्रोबायोटिकचा (पोटाला चांगले म्हणून घेतात त्या जिवंत जंतूंचा) फारसा उपयोग नाही, असं मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन: लहान मुलांवरच्या प्रयोगांचा निष्कर्ष मी मोठ्यांना लावला, यजमानांचे जुलाब प्रोबायोटिकच्या छोट्या कुप्यांनी तीन दिवसांत थांबले तेही मी मानणार नाही, आणि घरच्या ताकाला मी हिणवलं.

पहिला आक्षेप मान्य. मी ज्याच्या जोरावर लिहिलं तो कॉक्रेन या, वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा 2020 चा आढावा 82 प्रयोगांचा, बारा हजारांवर रुग्णांचा, पण त्यात मोठी माणसं मूठभर. तेवढ्यावर इतकं ठाम बोलायला नको होतं.

पण म्हणून तुमचं पारडं जड होत नाही. ब्रिटनमध्ये 65 वर्षांपुढच्या 2981 रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, 2013 साली छापून आला. अँटिबायोटिक चालू असलेल्यांना निम्म्यांना प्रोबायोटिक, निम्म्यांना नुसती पावडर. जुलाब झाले 10.8 आणि 10.4 टक्क्यांना. म्हणजे फरक शून्य! दुसऱ्या जातीचे प्रोबायोटिक जंतू देऊन, दुसऱ्या रुग्णांत थोडा फायदा दिसलाय, हेही खरं. प्रोबायोटिक हे काही एकच औषध नाही. सॅकरोमायसिस बुलार्डी तर यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरतही नाही. पण गळ्यातल्या मोठ्या शिरेत नळी असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णाच्या रक्तात ते शिरल्याची उदाहरणं आहेत. 'नैसर्गिक आहे, काय बिघडतंय' असं तिथे चालत नाही.

तीन दिवसांचं म्हणाल, तर साधे जुलाब बहुतेकदा तेवढ्यात आपोआपच थांबतात. कुपी न घेता काय झालं असतं, ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही.

ताक मी रोज पितो हो. पण विरजणातले जंतू आतड्यात ठाण मांडत नाहीत, आणि कढी उकळली की तेही संपले. चव आहे, जेवण आहे. उपचार म्हणू नका.

आता तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय ते महत्त्वाचं: यजमानांना हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू निघालाय, त्यावर अँटिबायोटिकचा 14 दिवसांचा कोर्स सुरू आहे, तोंड कडू झालंय, मळमळतं म्हणून ते गोळ्या सोडायच्या विचारात आहेत. इथे प्रोबायोटिकला खरी जागा आहे. जंतू मारायला नव्हे. मळमळ, जुलाब कमी झाले तर माणूस कोर्स पुरा करतो, म्हणून. अर्धवट सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. डॉक्टरांना विचारून सुरू करा. यीस्टचं नसून लॅक्टोबॅसिलस या जंतूचं असेल तर अँटिबायोटिकपासून दोनेक तास लांब ठेवा.

कोर्समधल्या गोळ्यांत बिस्मथ हे औषध असेल तर शौच काळं होतं, घाबरू नका. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल तर मात्र लगेच दाखवा. आणि कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची तपासणी करून घ्या; आधीचे दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद. जंतू गेला की नाही, ते ताकाला विचारून कळणार नाही.