‘मावशींना काम नको असतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या निवासी केंद्रात जीपीएस घड्याळं (माणूस आखलेल्या हद्दीबाहेर गेला की मावशींच्या फोनवर गजर देणारी) का टिकत नाहीत, या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बॅटरी मी लिहिली तशी दोन दिवस चालत नाही, नॉर्वेत कर्मचारी कुरकुर करत नाहीत, संमतीच्या प्रश्नाला मी बगल दिली, आणि शेवटी, ‘मावशींना यंत्र नको असतं कारण त्यांना काम नको असतं, तुमचा लेख त्या आळसावर पांघरूण घालतो.’

बॅटरीचं मान्य. दर मिनिटाला ठिकाण पाठवायला लावलं तर घड्याळ एक दिवसही धड काढत नाही. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं तरच दोन दिवसांची गोष्ट. हे लिहायला हवं होतं.

पण ते शेवटचं वाक्य ज्या सुरात आलं आहे तो सूर मला लागला, आणि ते मी लपवत नाही. बारा वर्षं मी अशाच केंद्रांत पाळ्या लावते आहे, मावशींना शिकवते आहे. ‘आळस’ हा शब्द त्या मजल्यावर रात्र काढलेलं माणूस इतक्या सहज वापरत नाही. तुम्ही कधी काढली आहे का, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

रात्री २ वाजता काय होतं ते ऐका. मजल्यावर १८ ज्येष्ठ, २ मावशी. एक मावशी आजोबांना कुशीवर वळवून डायपर बदलते आहे. एक हात त्यांच्या खांद्याला, दुसऱ्यात ओलं फडकं. खिशातला फोन वाजतो: ‘७ नंबर हद्दीबाहेर.’ हात काढला तर आजोबा पलंगावरून खाली येतील. ती हातातलं काम पुरं करते, ग्लोव्हज काढते, ७ नंबरमध्ये जाते, तर आजी गाढ झोपलेल्या.

आरसीसी स्लॅबखाली उपग्रहाचा सिग्नल नीट पोचतच नाही. पोचतो तो समोरच्या इमारतीवर आपटून, वळसा घालून, आणि मग घड्याळ आजींना रस्त्यापलीकडे दाखवतं. नाहीतर ते मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं, तो शेकडो मीटर चुकतो. वर विक्रेत्याने हद्द आखून दिलेली ३० मीटरची, म्हणजे जवळपास इमारतीच्या लांबीएवढी. एका रात्रीत पाच-सहा खोटे गजर झाले की तिसऱ्या आठवड्यात फोन सायलेंटवर जातो. ज्या रात्री आजी खरोखर फाटकाबाहेर पडतात, त्या रात्रीही तो सायलेंटवरच असतो. हा आळस नव्हे, ही चुकीची मांडणी आहे.

इमारतीच्या आत जीपीएसवर विसंबूच नका. पहिला इशारा फाटकाच्या आणि जिन्याच्या दाराच्या चुंबकी सेन्सरने द्यायचा, जीपीएस फक्त बाहेर पडलेल्या माणसाला शोधण्यासाठी. त्याची हद्द कंपाउंडच्या १०० मीटर बाहेर धरा आणि सलग दोन नोंदी बाहेरच्या आल्या तरच गजर वाजू द्या. फाटकाचा सेन्सर वाजला आणि माणूस दिसलं नाही, की नोंदीचं अंतर एका मिनिटावर आणा. गजर एकाच मावशीकडे जाऊ दे, जिचं नाव पाळी बदलताना फळ्यावर लिहिलेलं असेल. तिने दोन मिनिटांत उचलला नाही तर दुसऱ्या मावशीकडे. सगळ्यांच्या फोनवर वाजणारा गजर कुणीच उचलत नाही, प्रत्येकीला वाटतं दुसरीने पाहिला असेल.

चार्जिंग आंघोळीच्या वेळी करा. पिनांवर घाम, खोबरेल तेल, पावडर बसते. चार्जर चिकटलेला दिसतो, पण घड्याळ चार्ज होत नाही. रोज कोरड्या सुती फडक्याने पुसायचं. घड्याळाऐवजी यंत्र गाऊनच्या आतल्या खिशात ठेवलंत, तर ते कधीतरी कपड्यांबरोबर धुतलं जातं. पुसणं, लावणं, खिसे तपासणं ही कामं करायची मावशींनीच, पण त्यांच्या वेळापत्रकात ती कुठेही लिहिलेली नसतात.

आणखी एक, जे व्यवस्थापन सांगत नाही. गजर किती मिनिटांनी उचलला याची नोंद राहते. ती एकदा का पगार कापायला वापरली, की घड्याळं चार्जरवरच राहू लागतात. तीच नोंद पाहून रात्री १ ते ४ तिसरी मावशी दिलीत, तर त्याच बायका यंत्राची चौकशी स्वतःहून करतात.

नॉर्वेबद्दल तुम्ही अर्धंच लिहिलंत. तिथे २०१३ मध्ये रुग्णहक्क कायद्यात अशा ठावठिकाणा दाखवणाऱ्या यंत्रांसाठी वेगळं कलम घालावं लागलं. संमती देण्याची क्षमता गमावलेल्या माणसासाठी हे यंत्र केव्हा वापरता येईल, आणि त्याने विरोध केला तर या कलमाखाली वापरता येणार नाही, हे त्यात लिहिलं आहे. तिथल्या कर्मचाऱ्याच्या मागे कायदा उभा आहे. आपल्याकडे आजींनी पट्टा ओरबाडून फेकला, तर तो परत बांधायचा की नाही, हे रात्री २ वाजता मावशीने एकटीने ठरवायचं, आणि सकाळी नातेवाइकांचं ऐकूनही तिनेच घ्यायचं.

संमतीबद्दलचे तुमचे बाकीचे मुद्दे वेगळ्या लेखाचे आहेत, इथे त्यात शिरत नाही.

मूळ लेखातलं बॅटरीचं वाक्य दुरुस्त केलं आहे. ‘आळस’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, ही अपेक्षा आहे. हा ब्लॉग काही मावशीही वाचतात, आणि त्यांनी तो वाचला आहे.