एकांत, सहकुटुंब सहपरिवार

पस्तिशी उलटली आणि घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचे हप्ते अंगवळणी पडले की माणसाला एक दिवस वाटू लागतं, आपल्याला एखादा छंद हवा. मग वाटतं, एकट्यानेच कुठेतरी जाऊन यावं. त्यानंतर आयुष्याबद्दल विचारबिचार सुरू होतात. घाबरू नका. वेळीच मार्गदर्शन मिळालं तर हे तिन्ही होऊनही तुमच्या दिनक्रमात तसूभर फरक पडत नाही.

सुरुवात जलरंगांपासून करा. तेलरंगांना वास येतो, तबला शेजाऱ्यांना ऐकू जातो, जलरंग मात्र कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. शिवाय सामान देखणं असतं. शाळेत कॅमलच्या एका डबीवर अख्खं वर्ष निघायचं, हे विसरून जा. दुकानात जाऊन नुसता ‘कागद द्या’ म्हणायचं नाही. ‘३०० जीएसएम, कॉटन, कोल्ड प्रेस’ असं एका दमात म्हणायचं, म्हणजे दुकानदार स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा गठ्ठा काढतो. तो कागद बोटांना जाड, किंचित खरबरीत लागतो, उजेडात धरला की पाणचिन्ह दिसतं, आणि किंमत ऐकल्यावर त्याला ओला ब्रश लावायची छाती होत नाही. अर्धं काम इथेच फत्ते. घरी आणून तो कपाटात लग्नाच्या शालूखाली आडवा ठेवा. सरावाला साधा ड्रॉइंगचा कागद घ्या, असं कुणी सुचवेल. त्याच्या नादी लागू नका. साध्या कागदावर माणूस खरोखर चित्र काढत बसतो.

ऊर्मी अगदीच आवरेना तर जुलै महिना निवडा. ठाण्याच्या जुलैत हवेलाच इतकं पाणी सुटलेलं असतं की सकाळी दिलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला हात, जेवणं आटोपली तरी ओला. त्यावर दुसरा रंग टेकवला की दोन्ही एकमेकांत घुसतात, कडा फुटतात आणि येऊरचा डोंगर उतरून उपवन तलावात जातो. चांगले चित्रकार हेच मुद्दाम करतात. कागद किती ओला असताना ब्रश टेकवायचा, एवढं शिकण्यात त्यांची वर्षं जातात. तुमचं आपोआप झालं. फोटो काढा, ‘वेट ऑन वेट’ असं लिहा आणि खिडकी लावून घ्या.

घराबाहेर काढायचं असेल तर तलावपाळी. समोर मासुंदा, काठाला गडकरी रंगायतन, जवळच कोपिनेश्वर, शिवाय पाण्यात बोटी. विषयांना तोटा नाही. तोटा पाठीमागच्या जागेला. तुम्ही पेन्सिल टेकवलीत की मागे माणसं उभी राहू लागतात. एवढ्या घाईत असलेला ठाणेकर कुणी चित्र काढताना दिसलं की हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून थांबतो. ‘बोट जरा तिरकी आलीय.’ ‘आमचा भाचा जेजेला होता, आता बँकेत आहे.’ ‘हे कशासाठी काढताय?’ या शेवटच्या प्रश्नाची तयारी घरून करून यावी. ‘सहज’ असं म्हणाल तर लोकांना काळजी वाटते. ‘प्रदर्शनासाठी’ म्हणा, निश्चिंत होऊन निघून जातात.

जलरंगांचा कंटाळा आला तर वारली. वारलीची सोय फार. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत डहाणू, जव्हार, तलासरी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे ही कला आपल्या घरचीच म्हणायला हरकत नाही. मूळ रीत मात्र गैरसोयीची: कुडाची शेणाने सारवलेली भिंत, त्यावर गेरू, तांदळाच्या पिठाचं पांढरं, बांबूची काडी चावून केलेला ब्रश, आणि लग्नघरी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी भित्तिचित्र, लिहिणाऱ्या सवाशिणी. लग्नाच्या भिंतीवरचं हे लेखन कागदावर आणून जगभर पोहोचवणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तुम्हाला एवढं थांबायची गरज नाही. रविवारच्या वर्कशॉपमध्ये चहाबिस्किटासकट दोन तासांत सहा कोस्टर होतात, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच कोस्टर गोल असल्यामुळे आयता बसतो. तारपा म्हणजे काय, हे विचारू नका. पुढच्या बॅचला उशीर होतो.

आता एकट्याने प्रवास. इथे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे एकट्याने जायचं तर बऱ्याच लोकांची मदत लागते.

पहिल्यांदा कोकणच निवडा. गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, म्हणजे ‘मनात आलं आणि निघालो’ हे वाक्य दोन महिने आधी लिहून ठेवायला वेळ मिळतो. एसटीनेही जाता येतं. तुम्ही बाई असाल तर मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ही गोष्ट घरी बोलू नका. आई लगेच हिशोब करते, ‘दोघींचं मिळून एकच तिकीट झालं की. मग मीही येते.’ यावर उत्तर नाही. आजवर कुणाला सापडलेलं नाही. पुरुष असाल तर आई येत नाही, डबा येतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ‘उतरल्यावर फोन कर’.

निघण्यापूर्वी फॅमिली ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाका. स्वतःच्या शोधात निघालेला माणूस सध्या कुठे आहे, हे निदान घरच्यांना तरी माहीत हवं. पनवेलला गाडी पाच मिनिटं जास्त थांबली की आत्या विचारते, ‘काय झालं?’ चिपळूण दिसलं की मामा जागा होतो. ‘गुहागरला चाललायस तर आमच्या व्याह्यांकडे डोकावून ये. न गेलास तर वाईट दिसेल.’ कोकणात कुणाचेच व्याही नाहीत असा ठाणेकर माझ्या तरी पाहण्यात नाही. जा. ते कुळथाचं पीठ, आमसुलं आणि फणसाच्या दिवसांत अख्खा फणस देतील, तोही निम्मा मामाला पोचवण्यासाठी. सोलो प्रवासाला कुली का लागतो, ते तेव्हा कळतं.

मुक्कामाच्या ठिकाणी मालक रजिस्टर उघडून तुमच्या मागे बघेल. कुणी येतंय का, म्हणून. ‘एकटेच?’ हो म्हणा. ‘म्हणजे बाकीचे मागून येतायत?’ नाही म्हणा. मग तो आतून बायकोला बोलावतो. त्यांच्या बाजूने विचार केला तर चुकत काहीच नाही. शहरातून एकटा माणूस बुधवारी समुद्रावर कशाला येतो, ही शंका कुणालाही येईल. आधारकार्ड दाखवा, नोकरी कुठे ते सांगा, आणि ‘लग्न?’ या प्रश्नाला हसून मान हलवा. रात्री जेवणाचा प्रश्न येतो. ‘एका माणसासाठी नारळ फोडून सोलकढी कशी करणार?’ असं वहिनी विचारतात, तेव्हा दोन माणसांचं जेवण सांगा आणि दोन्ही जेवा. एकट्याने प्रवास केल्यावर माणूस आतून भरून येतो, असं सगळे म्हणतात ते हेच असावं.

आता मुख्य विधी. पाठमोरा फोटो. समुद्राकडे तोंड, हात खिशात, आसपास चिटपाखरू नाही. त्यासाठी ट्रायपॉड वाळूत रोवा, टायमर १० सेकंदांचा लावा आणि पळा. ओल्या वाळूत १० सेकंदांत पोचून, धाप दाबून, खांदे सैल सोडून, अनंताकडे बघायचं असतं. पहिल्या फोटोत तुम्ही पळताना येता, दुसऱ्यात ट्रायपॉड कलंडतो, पुढच्यात एक कुत्रा येऊन अनंताकडे तुमच्याहून चांगलं बघतो. सूर्य तोवर बुडतो. त्याची खंत नको, उद्या तो पुन्हा आहे आणि फिल्टर आजही आहे.

राहिलं चिंतन. ते स्वस्त आहे, लवकर उरकेल. ठाणे-वाशी लोकल पकडून ऐरोलीला उतरा आणि खाडीकडे जा. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे फ्लेमिंगो असतात; ठाणे खाडीला २०२२ साली रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला आहे. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे जायच्या आधी चौकशी करा, नाहीतर चिंतन जेट्टीवरच करावं लागेल. पक्षी डोकं उलटं घालून चोचीने चिखलपाणी गाळत असतो. अंगावरचा गुलाबी रंगही त्याला याच खाण्यातून मिळतो. त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. तरीही त्याच्याकडून धडा घ्या: संयम, समतोल, एका पायावर उभं राहणं, जे जमेल ते. धडा संध्याकाळी लिहा आणि खाली ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारा. स्वतःशी केलेल्या संवादाला दोनशे लाइक आले नाहीत तर तो पुन्हा करावा.

एवढी पथ्यं पाळूनही एक धोका उरतो, आणि तो बहुधा तुमच्याच मजल्यावर राहत असतो. शेजारच्या जोशीआजी किंवा पाटीलआजी दुपारी दार उघडं टाकून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत असतात. थरावर थर नीट पसरलेले, कडेपासून आत येणारा धावदोरा, रंग जुळवायला बाजूला चार तुकडे, आणि मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. ‘आजी, हा तुमचा छंद का?’ म्हणून विचाराल तर म्हणतात, ‘छंद कसला मेला, बसवत नाही नुसतं.’ अशा माणसांमुळे आपल्या कार्याचं फार नुकसान होतं. त्यांना समजावा, हॅशटॅग म्हणजे काय ते सांगा. त्या शांतपणे ऐकून घेतील आणि म्हणतील, ‘ते राहू दे रे, मला आधी एवढी सुई ओवून दे.’

द्या ओवून. पण त्याआधी त्यांच्या हातांचा फोटो घ्या, दुपारच्या उन्हात सुरकुत्या छान येतात.